मार्कांत मागे, रणात पुढे : पुण्याच्या शाळेचा कॅप्टन झाला ‘परमवीर’, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांची गोष्ट

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. त्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे १६ सप्टेंबरची आठवण मात्र फारशी कुणाला नसते. १९६५ साली याच दिवशी पाकिस्तानातल्या सियालकोट भागात, उसाच्या फडांमधून चाललेल्या रणगाड्यांच्या लढाईत एक अधिकारी धारातीर्थी पडला. त्यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचं आणि सैन्यातली सुरुवात निजामाच्या हैदराबादची. नाव लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. १९६५ च्या युद्धात फक्त दोघांना परमवीर चक्र मिळालं. एक हवालदार अब्दुल हमीद आणि दुसरे तारापोर.

शाळेत त्यांचा नंबर कधी वर लागायचा नाही. अभ्यासात ते साधारण होते. तरीही त्याच शाळेने त्यांना शेवटच्या वर्षी स्कूल कॅप्टन केलं होतं. मुलाचं माप निव्वळ मार्कांवर काढणाऱ्या आजच्या पालकांनी आणि शिक्षकांनी ही गोष्ट वाचायला हवी.

शिवरायांच्या काळापर्यंत जाणारं घराणं

अर्देशीर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. घरात त्यांना सगळे ‘आदी’ म्हणत. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक हकीकत सांगितली जाते. त्यांचे पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पदरी सेनानी होते. त्यांच्या पराक्रमाबद्दल त्यांना शंभर गावांची मनसब मिळाली आणि त्यातलं मुख्य गाव तारापोर. गावावरून आडनाव पडायची रीत आपल्याकडे जुनीच. तसंच या घराण्याचंही झालं.

पुढे आदीचे आजोबा हैदराबादला गेले आणि निजामाच्या अबकारी खात्यात नोकरीला लागले. वडीलही त्याच खात्यात होते. फारसी आणि उर्दूचे ते जाणकार. म्हणजे घर पारशी, मूळ गाव मराठी मुलखातलं आणि पोटापाण्याचा धंदा निजामाच्या राज्यात. अशा तीन ठिकाणच्या संस्कारांत हा मुलगा वाढला.

लहानपणचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. आदी सहा वर्षांचा होता आणि बहीण दहा वर्षांची. दोघं परसात खेळत असताना घरची गाय दावं तोडून बहिणीच्या अंगावर धावून आली. मोठी बहीण घाबरून जागीच थिजली. धाकटा आदी मात्र पुढे सरसावला, बहिणीच्या आणि गाईच्या मध्ये उभा राहिला आणि गाईच्या नाकाडावर त्याने ठोसा मारला. गाय मागे फिरली. खेड्यात वाढलेल्या माणसाला सुटलेलं जनावर अंगावर येणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

पुण्याची बोर्डिंग शाळा

सातव्या वर्षी आदीला पुण्याच्या सरदार दस्तूर बोर्डिंग शाळेत घातलं. घर हैदराबादला आणि पोरगं पुण्याला. सुट्टी लागल्याशिवाय आईवडिलांची गाठ नाही. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात शिकलेल्या माणसाला हे दिवस ओळखीचे वाटतील. पहिले काही महिने उशी भिजते, मग हळूहळू मित्र हेच घर होतं.

आदीचं मन पुस्तकापेक्षा मैदानावर जास्त रमायचं. धावणं, पोहणं, मुष्टियुद्ध, टेनिस, क्रिकेट, सगळ्यात तो पुढे. १९४० साली तो मॅट्रिक झाला आणि त्याच सुमारास शाळेने त्याला कॅप्टन केलं. शाळेचा कॅप्टन म्हणजे नुसता बिल्ला लावून मिरवणारा मुलगा नव्हे. बोर्डिंगच्या शाळेत लहान पोरांची भांडणं सोडवायची, उशिरा येणाऱ्याला धाकात ठेवायचं, रडणाऱ्याला समजवायचं आणि मास्तरांसमोर सगळ्यांच्या वतीने उभं राहायचं, असं ते काम. त्यासाठी गणितात पैकीच्या पैकी मार्क लागत नाहीत. पोरांचा विश्वास लागतो. तो विश्वास या मुलाने शाळेतच कमावला होता. पुढे पंचवीस वर्षांनी रणगाड्यांची अख्खी पलटण त्यांच्या मागे गेली, ती याच विश्वासावर.

हातातून सुटला ग्रेनेड

मॅट्रिकनंतर त्यांनी सैन्याचा अर्ज भरला आणि निवड झाली. गोवळकोंडा आणि बंगळूर इथे प्रशिक्षण घेऊन १९४२ च्या जानेवारीत ते सातव्या हैदराबाद इन्फंट्रीत अधिकारी म्हणून रुजू झाले. त्या वेळी संस्थानांची स्वतःची फौज असायची. हैदराबादची फौज तर मोठ्या संस्थानांपैकी एकाची.

पण त्यांना पायदळात राहायचं नव्हतं. मन रणगाड्यांकडे ओढ घेत होतं. बदली मागून मिळेना. ती मिळाली एका अपघातामुळे.

एकदा जवानांचा हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. हैदराबादच्या फौजेचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस पाहणीला आले होते. एका नव्या जवानाची घाबरगुंडी उडाली आणि पिन काढलेला ग्रेनेड लांब न जाता तिथल्या तिथेच पडला. पिन काढलेला ग्रेनेड हातातून सुटला की जेमतेम काही सेकंद मिळतात. तारापोर यांनी खड्ड्यात उडी घेतली, ग्रेनेड उचलला आणि बाहेर भिरकावला. हातातून सुटताच तो फुटला. लोखंडाचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले, पण जवान वाचले.

सेनापतींनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तारापोर बरे झाल्यावर त्यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि पाठ थोपटली. तारापोर यांनी संधी साधली आणि रणगाडा दलात बदली मागितली. ती मंजूर झाली. हैदराबादच्या इंपीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये ते दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण पश्चिम आशियात होती, तारापोरही तिच्यासोबत होते.

हैदराबाद मोकळं झालं, फौज बदलली

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात यायला तयार नव्हता. रझाकारांचा जाच मराठवाड्यातल्या गावागावांनी सोसला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. भारतीय सैन्याचे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे हैदराबादच्या फौजेतर्फे शरण आले ते हेच अल इद्रूस, तारापोर यांना रणगाडा दलात पाठवणारे सेनापती.

पुढे संस्थानी फौजा भारतीय सैन्यात सामावून घेतल्या गेल्या. १९५१ मध्ये तारापोर यांची नेमणूक सतराव्या पूना हॉर्स या पलटणीत झाली. नावात घोडा असला तरी आता ही रणगाड्यांची पलटण होती. तिची मुळं १८१७ सालच्या पुण्यात आहेत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळात. पुण्याच्या शाळेत शिकलेला मुलगा असा फिरून पुन्हा पुण्याच्या नावाच्या पलटणीत आला.

नव्या पलटणीत बाहेरून आलेल्या माणसाला जम बसवायला वेळ लागतो. तारापोर यांनी काम शिकून तो बसवला. ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन रणगाडे आले तेव्हा त्यांच्या प्रशिक्षणासाठी ते इंग्लंडला जाऊन आले. सुमारे पन्नास टनांचं हे धूड. आत चार माणसं. एक चालवणारा, एक तोफ रोखणारा, एक गोळा भरणारा आणि एक कमांडर. दाट धूळ, इंजिनाची धग आणि कानठळ्या बसवणारा आवाज. आतून बाहेरचं फार कमी दिसतं. म्हणून कमांडरला बऱ्याचदा वरचं झाकण उघडून डोकं बाहेर काढावं लागतं. शत्रूला तो नेमका तिथेच सापडतो.

१९६५ मध्ये युद्धाला तोंड फुटलं तेव्हा पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल तारापोर. वय ४२. दिल्लीत संरक्षणमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण आणि लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. सतरा वर्षांपूर्वी ज्या फौजेने त्यांच्यापुढे शस्त्रं खाली ठेवली, तिच्यातला एक अधिकारी आता त्यांच्या सैन्याच्या आघाडीवर होता.

फिलोरा ते बुटूर डोगरांडी : सहा दिवस

पाकिस्तानने काश्मीरमध्ये छांब-अखनूरकडे मोठा हल्ला केला होता. तो दाब कमी व्हावा म्हणून भारताने पंजाबच्या बाजूने सीमा ओलांडली. सियालकोट भागात पहिल्या चिलखती डिव्हिजनने आगेकूच केली. समोर पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते. दोन्हीकडून शेकडो रणगाडे भिडले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सगळ्यात मोठ्या रणगाडा लढायांत ही लढाई मोजली जाते.

११ सप्टेंबरला पूना हॉर्सला काम मिळालं फिलोरा घेण्याचं, तेही मागच्या बाजूने अचानक घाव घालून. पलटण फिलोरा आणि चाविंडा यांच्या मधून पुढे सरकत असताना वझीरवालीच्या दिशेने शत्रूच्या रणगाड्यांनी उलटा हल्ला केला. तारापोर यांनी जागा सोडली नाही. तो हल्ला अंगावर झेलत त्यांनी आपल्या एका तुकडीला पायदळासोबत फिलोऱ्यावर घातलं. तोफांचे गोळे सगळीकडे पडत होते. यात ते जखमी झाले. जखमींना मागे न्यायची सोय होती, पण त्यांनी मागे जायला साफ नकार दिला. त्या दिवशी फिलोरा पडलं.

कमांडिंग ऑफिसरने जखमी असताना थांबायचं की जायचं, यात कुणी त्याला दोष दिला नसता. पण पलटणीचा म्होरक्या निघून गेला तर वायरलेसवर आवाज कुणाचा ऐकायचा, हा प्रश्न प्रत्येक रणगाड्यातल्या चार माणसांना पडला असता. बोर्डिंगच्या शाळेतल्या कॅप्टनला हे पुरतं ठाऊक होतं.

१४ सप्टेंबरला त्यांनी वझीरवाली घेतलं. १६ सप्टेंबरला जस्सोरान आणि बुटूर डोगरांडी ही गावं ताब्यात आली. पुढचं लक्ष्य चाविंडा होतं. पायदळ चाविंड्यावर मागून चढाई करणार होतं आणि पूना हॉर्सने त्यांना आधार द्यायचा होता. बुटूर डोगरांडीला त्यांच्यासोबत आठवी गढवाल रायफल्स होती. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड हे ज्यू समाजातले. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांची आडनावंही गावांवरूनच पडलेली आहेत आणि झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव. तेही याच लढाईत कामी आले. एक पारशी, एक ज्यू आणि त्यांच्या हुकमावर लढणारे राजपूत, जाट, गढवाली जवान. कुणाचा देव कोणता, हे तिथे कुणी विचारत नव्हतं.

तारापोर यांच्या रणगाड्यावर अनेक गोळे आदळले. तरी ते जागेवर राहून पलटण हाकत होते. त्यांचं हे धैर्य पाहून पलटणीने शत्रूवर तुटून हल्ला केला. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रातील नोंदीप्रमाणे पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि आपले गमावले फक्त ९. याच लढाईत तारापोर यांना वीरमरण आलं.

चाविंडा मात्र भारताच्या हाती आलं नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि पुढे १९६६ च्या जानेवारीतल्या ताश्कंद करारानुसार दोन्ही देशांनी जिंकलेला मुलूख परत केला. ज्या गावांसाठी माणसं गेली, ती गावं नकाशावर पुन्हा होती तिथेच गेली. मागे राहिली ती माणसांची नावं.

शेवटची निरवानिरव

लढाईत उतरल्यावर मरणाच्या काही दिवस आधीच तारापोर यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांना बाजूला घेऊन सगळी निरवानिरव सांगून ठेवली होती. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्यायचं. गळ्यातली सोन्याची साखळी पत्नीला, बोटातली अंगठी मुलीला. हातातलं कडं आणि फाउंटन पेन मुलाला. आणि मुलाला सांगायचं की त्यानेही सैन्यात जावं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आपला अंत्यविधी रणांगणावरच करावा, अग्नी देऊन. पारशी समाजात मृतदेहाला अग्नी देत नाहीत. त्यांच्या धर्मात अग्नी पवित्र असतो आणि देह दखम्यात ठेवायची रीत आहे. तरीही धर्माचं पुस्तक आईकडे पोचावं म्हणणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी निवडली ती आपल्या जवानांची रीत. त्यांची ही इच्छा पुरी करण्यात आली. जस्सोरानच्या मातीत त्यांना अग्नी दिला गेला. पत्नी पेरीन आणि मुलांपर्यंत पोचल्या त्या एवढ्याच वस्तू.

परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर जाहीर झालं. लढताना लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर असलेले ते एकमेव परमवीर. आजवर हा मान अवघ्या २१ जणांना मिळाला आहे. हे पदक कांस्य धातूचं, त्यावर इंद्राचं वज्र. त्याचा नमुना तयार केला सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपीय, पण मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. पूना हॉर्सला दुसरं परमवीर चक्र १९७१ मध्ये मिळालं, २१ वर्षांच्या अरुण खेत्रपाल यांच्यामुळे. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली गेली, त्यातलं एक बेट तारापोर यांच्या नावाचं आहे.

शाळेच्या भिंतीवर नाव कुणाचं?

ज्या शाळेत तारापोर शिकले, तिच्या माजी विद्यार्थ्यांत त्यांचं नाव आजही अभिमानाने घेतलं जातं. पण अशी शाळा फक्त पुण्यातच असते असं नाही.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक जुनी संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून पहिल्या महायुद्धात किती माणसं गेली आणि किती परतली नाहीत, एवढाच मजकूर त्यावर कोरलेला असतो. आकडा असतो, नावं नसतात. काही ठिकाणी रंगकाम करताना त्या पाटीवरही चुना फिरवलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे हे रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. तिथून ते परतले नाहीत, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्याच इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. हयातीत परमवीर चक्र मिळवणारे पहिले वीर रामा राघोबा राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. ही सगळी खेड्यांची नावं आहेत.

केंद्र सरकारने २०२१ पासून शाळांसाठी ‘वीरगाथा’ उपक्रम सुरू केला आहे. त्यात मुलांनी शौर्य पदक मिळालेल्या वीरांवर निबंध, कविता, चित्रं तयार करायची असतात. मुलं मोबाईलवरून माहिती उतरवून काढतात आणि पाठवतात. त्यापेक्षा गावातल्या माजी सैनिकाच्या ओसरीवर जाऊन बसलं, त्यांचा नंबर, पलटण, साल विचारून वहीत उतरवलं, शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये त्यांचं नाव शोधलं, तर तो निबंध कायमचा राहील. रजिस्टर वाळवीने खाल्ल्यावर आणि ती माणसं गेल्यावर विचारायला कुणी उरणार नाही.

रजिस्टरमध्ये त्या नावापुढचे मार्क कमी दिसले तर हरकत नाही. पुण्याच्या त्या शाळेत अर्देशीर तारापोर यांचेही कमीच होते.